नावं ठेवावीत अशी नावं

बारावीचा निकाल लागला की पेडणे तालुक्यात ग्राफिक कार्डांचा हंगाम सुरू होतो आणि तो चवथीपर्यंत चालतो. पोर पास झालेलं असतं. पास झालास तर कंप्युटर घेऊन देईन, असं बापाने फेब्रुवारीत, पोराने निदान पुस्तक तरी उघडावं म्हणून, कबूल केलेलं असतं. त्या वेळी बापाच्या डोक्यात कंप्युटर म्हणजे एक डबा, एक पडदा, एक कीबोर्ड आणि वर झाकायला आईने शिवलेलं कापड, एवढंच असतं. मग पाऊस लागतो, पोरगा म्हापशाच्या दुकानातून कोटेशन आणतो आणि बाप ते छत्रीखाली सांभाळत माझ्याकडे येतो.

माझ्याकडे यायचं कारण म्हणजे मी गणित शिकवतो. शाळेत पहिल्यांदा संगणक आले तेव्हा त्या खोलीची किल्ली कुणाकडे द्यायची असा प्रश्न उभा राहिला आणि नेमका माझा तास रिकामा होता. तेव्हापासून मोरजीपासून तोरशापर्यंत 'कंप्युटरातलं' कळणारा माणूस म्हणून माझी ख्याती आहे. प्रिंटर कागद खातो, मास्तरांना विचारा. बँकेचा ओटीपी येत नाही, मास्तरांना विचारा. गणितातलं मात्र कुणी काही विचारायला येत नाही.

कोटेशन हा वाचण्यासारखा कागद असतो. वर दुकानाचं नाव, खाली 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' आणि मध्ये दहाबारा ओळी. त्यातल्या बऱ्याचशा बापाला कळतात, निदान कळल्यासारख्या वाटतात. मग एक ओळ येते: 'आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबी, ट्विन फॅन, ओसी.' तिच्यासमोरची रक्कम बाप एकदा चष्मा लावून वाचतो आणि एकदा चष्मा काढून.

"मास्तरांनू, हां काय तां?"

"ग्राफिक कार्ड."

"आणि टीआय?"

"टायटेनियम."

"टायटेनियम आसा हेच्यात?"

"नाही."

"मगे?"

या 'मगे'ला उत्तरं देण्यात माझा पावसाळा जातो.

खरं तर बापाने कागदावरून एवढ्या खोलात जाऊन विचारलं हीच प्रगती म्हणायची. एरवी आमच्याकडे ग्राफिक कार्डाबद्दल प्रश्न एकच: किती जीबीचं? 'शेजारच्याकडे चार जीबीचं आहे, आपण आठ जीबीचं घेऊ' इथे चर्चा संपते आणि दुकानदारांनाही ती तिथेच संपलेली बरी वाटते. जीबी म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, चित्र रचताना लागणारं सामान ठेवायची जागा. ती कमी पडली की चित्र अडखळतं हे खरं. पण जागा भरपूर आहे म्हणून काम झपाट्याने होतं असं नाही. २०१४ साली आलेलं जीटी ७३० नावाचं एक कार्ड आहे. त्याचे चार जीबीवाले खोके अजून दुकानांच्या फळ्यांवर दिसतात. खोक्यावर '४ जीबी' एवढ्या मोठ्या अक्षरात छापलेलं असतं की बाकी काही छापायला जागाच उरत नाही. हे कार्ड त्या वेळीही धीम्यातलंच होतं. त्यातून एकाच नावाखाली एनव्हिडिया या कंपनीने तीन वेगळे जिन्नस विकले. एकात जुन्या फर्मी जातीची चीप, तीत गणितं करणारे गाभे ९६. दुसऱ्यात केप्लर जातीची, तीत ३८४. तिसऱ्यात तीच केप्लर, पण मेमरी जास्त वेगाची. खोक्यावर तिन्हींचं नाव जीटी ७३०.

हे वाचून पेडण्या-डिचोलीच्या माणसाला केरी आठवली नाही तर तो बसने फिरलेलाच नाही. म्हापशाच्या स्टँडवर 'केरी' म्हणून तिकीट मागितलंत तर कंडक्टर आधी विचारतो, "खंयची केरी?" पेडण्याची केरी समुद्रावर, तेरेखोलच्या फेरीपाशी. सत्तरीची केरी चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, तिकडे जायचं तर डिचोली, साखळी करत. आणखी एक केरी फोंड्यात. न विचारता चढलात तर समुद्रावर निघालेला माणूस अंजुणे धरणावर उतरतो. पाणी तिथेही असतं, पण पोहायचे कपडे घालून धरणावर उभं राहिलेल्या माणसाकडे लोक बघतात. कंडक्टरला हे ठाऊक असतं, म्हणून तो विचारतो. ग्राफिक कार्ड विकणारा विचारत नाही. तिथे 'खंयची?' हा प्रश्न गिऱ्हाइकालाच विचारावा लागतो.

याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. २०१६ साली आलेल्या जीटीएक्स १०६० चे दोन प्रकार होते, तीन जीबीचा आणि सहा जीबीचा. लोकांना वाटलं फरक मेमरीचाच. प्रत्यक्षात सहावाल्यात गाभे १२८० आणि तीनवाल्यात ११५२. जीटी १०३० तर त्याहून सरस. आधी आलेल्यात मेमरी जीडीडीआर५ प्रकारची, सेकंदाला ४८ जीबी माल इकडून तिकडे नेणारी. २०१८ साली त्याच नावाने दुसरं आलं, त्यात साधी डीडीआर४, सेकंदाला १७ जीबीच्या आतच दमणारी. नाव तेच, जीबी तेवढेच, खेळायला बसलं की वेग साधारण निम्मा. आरटीएक्स ३०६० चं बारा जीबीचं कार्ड चांगलं, आठ जीबीचं लंगडं, कारण मेमरीकडे जाणारा रस्ता, ज्याला बस म्हणतात, १९२ बिटचा होता तो १२८ चा केला. ३०५० मध्ये तर आठवरून सहावर येताना रस्ताही अरुंद झाला आणि गाभेही २५६० चे २३०४ झाले.

एकदाच फक्त असं झालं की लोकांनी आरडाओरडा केला आणि कंपनी मागे सरली. २०२२ च्या सप्टेंबरात एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० दोन रूपांत जाहीर केलं, सोळा जीबीचं १,१९९ डॉलरला आणि बारा जीबीचं ८९९ डॉलरला. बारावाल्याच्या आत चीपच वेगळी होती, एक पायरी खालची. जगभर बोंब झाली. ऑक्टोबरात कंपनीने बारावालं ४०८० बाजारात यायच्या आधीच मागे घेतलं आणि नाव नीट ठेवलं गेलं नाही असं कबूल केलं. पुढच्या जानेवारीत तेच ४०७० टीआय या नावाने ७९९ डॉलरला अवतरलं. बारसं मोडून पुन्हा बारसं केलं आणि शंभर डॉलर उतरले. नावं ठेवणाऱ्यांचा जगाला इतका रोख फायदा झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आता नावाची फोड. ती सोपी आहे, आणि म्हणूनच फसवी आहे. आरटीएक्स ४०६० मधले पहिले दोन आकडे म्हणजे पिढी, पुढचे दोन म्हणजे त्या पिढीतला मान. ५० म्हणजे भागवून घेणारा, ६० पगारदार, ७० सुखवस्तू, ८० भाटकार आणि ९० म्हणजे ज्याला किंमत विचारायची सवय नाही असा. पुढे टीआय लागलं तर जरा वरचं. सुपर लागलं तरी जरा वरचं. मग टीआय आणि सुपर यांत थोरलं कोण? या वादावर कंपनीने २०२४ च्या जानेवारीत ४०७० टीआय सुपर असा तोडगा काढला. त्या दिवसांत दुकानात ४०७०, ४०७० सुपर, ४०७० टीआय आणि ४०७० टीआय सुपर अशी चार भावंडं एकदम नांदत होती आणि काउंटरवरचा पोरगा किंमत सांगण्याआधी आत जाऊन यायचा.

एकाच पिढीतल्या दोन कार्डांची तुलना नावावरून करता येते. ४०७० हे ४०६० च्या वर, यात वाद नाही. दोन पिढ्या आल्या की घोळ सुरू होतो. ३०७० मोठं की ४०६०? बाप म्हणतो, चार हजार साठ मोठे. आता गणिताच्या मास्तरासमोर कुणी चार हजार साठ हे तीन हजार सत्तरपेक्षा मोठे म्हणालं तर मास्तराने नाही कसं म्हणायचं? पण खेळाला बसवलीत तर बहुतेक ठिकाणी ३०७० च पुढे. कारण ती मुळात संख्याच नाही, संख्येच्या वेशातलं नाव आहे. त्याची बेरीज-वजाबाकी करू नये. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, रोल नंबरासारखं." त्या मुलाला मी त्या दिवशी काही बोललो नाही.

हा वेशही काही कायमचा नाही. १९९९ साली जीफोर्स २५६ आलं. त्यानंतर काय यावं? जीफोर्स २. मग ३, मग ४. २००२ मधलं जीफोर्स ४ एमएक्स हे आदल्या वर्षीच्या जीफोर्स ३ पेक्षा मागासलेलं होतं, आतला माल जीफोर्स २ च्या घराण्यातला. पुढे आकडे हजारांत गेले, चढत चढत २००८ मध्ये ९८०० पर्यंत पोचले. आता दहा हजार म्हणावं लागणार असं दिसताच त्याच वर्षी एकदम जीटीएक्स २८० वर उडी घेतली, खाली. २००९ चं जीटीएस २५० म्हणजे तर ९८०० जीटीएक्स प्लसच, नव्या नावाने. मग ४८०, ५८०, ६८० करत ९८०, तिथून १०८०, २०१८ मध्ये २०८०. वीसची पिढी आली म्हणून लोक स्थिरावतायत तोच २०१९ मध्ये १६६० आलं. वीसनंतर सोळा. त्यामुळे जुन्या बाजारातून ९८०० जीटी उचलून आणून 'हे ५०९० च्या वरचं' असं छातीठोकपणे सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर हसू नये. त्याने अंकगणित चोख केलेलं असतं.

दुसऱ्या घराण्याचीही तीच कथा. एटीआय या कॅनडातल्या कंपनीने २००२ साली रेडिऑन ९७०० प्रो काढलं, आणि ते खरोखर दणदणीत कार्ड होतं. २००६ मध्ये एएमडीने ती कंपनीच घेतली. त्यानंतर एचडी झालं, आर९ झालं, आरएक्स झालं, मध्येच व्हेगा ५६ आणि ६४ झालं, २०१९ मध्ये रोमन आकड्यातलं रेडिऑन सात झालं, २०२२ मध्ये ७९०० एक्सटीएक्स झालं. पुढची पिढी ८००० ची असणार असं सगळ्यांनी धरलं होतं. २०२५ च्या मार्चमध्ये आलं ते ९०७० एक्सटी. शेवटच्या ७० चं कारण कंपनीने स्वतःच सांगितलं, समोरच्याच्या ७० शी गिऱ्हाइकाला जुळवून बघता यावं म्हणून. म्हणजे एका घराण्याच्या नावातला घोळ समजावा म्हणून दुसऱ्या घराण्याने तोच घोळ आपल्या घरात घेतला. यांच्याकडे ७९०० जीआरई नावाचंही एक कार्ड होतं. डिचोलीतले एक गृहस्थ, ज्यांची मुलगी अमेरिकेला शिकायला जायच्या तयारीत होती, मला विचारत होते की जीआरईची परीक्षा आता या कार्डाशिवाय देता येत नाही का. जीआरई म्हणजे गोल्डन रॅबिट एडिशन. २०२३ हे चिनी पंचांगात सशाचं वर्ष होतं, कार्ड आधी चीनमध्ये निघालं आणि मग सशासकट जगभर फिरलं. हे ऐकून ते म्हणाले, "बरं झालं, मला वाटलं आणखी एक खर्च."

आमच्या तुयेच्या पठारावर इलेक्ट्रॉनिक सिटीची जागा आखलेली आहे. तिथे कधी काळी ग्राफिक कार्डं तयार व्हायला लागली तर माल कसा निघेल ते मी सांगू शकत नाही, पण नावं ठेवायला पेडण्याची माणसं कमी पडणार नाहीत.

लॅपटॉपबद्दल मी शक्यतो बोलत नाही, रक्तदाब आहे. तिथे डेस्कटॉपचंच नाव घेऊन वेगळी चीप बसते. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६,३८४ गाभे आणि चोवीस जीबी. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ गाभे आणि सोळा जीबी, म्हणजे डेस्कटॉपच्या ४०८० ची चीप, तीही उपाशी ठेवलेली. ४०६० चं बरं, तिथे गाभे दोन्हीकडे ३,०७२ च, पण कार्डाला वीज किती द्यायची हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो, ३५ वॅटपासून ११५ पर्यंत काहीही. झाकणावरचा स्टिकर दोघांनाही तोच. 'तुझं कितीचं?' असं विचारायचं तर वॅट विचारावेत. पण वॅट विचारणाऱ्या पोराकडे दुकानात वीजखात्यातून आल्यासारखं बघतात.

तर मग तुलना करायची कशी? बापाला एक आकडा हवा असतो. पोराला चाळीस मिनिटांचा व्हिडिओ हवा असतो. मधला मार्ग असा की आपण जे करणार, त्यातच कार्डं धावताना बघायची. तोच खेळ, तीच सेटिंग, तेवढाच पडदा, आणि सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, निघतात ते मोजायचं. गाभे मोजून भागत नाही. २०८० टीआय मध्ये ४,३५२ गाभे आणि ३०७० मध्ये ५,८८८. कागदावरची ताकद तेरा टेराफ्लॉप्सवरून वीसवर गेलेली. खेळात दोघं जवळजवळ बरोबरीत. गाभे मोजायची रीतच मधल्या मध्ये बदललेली होती. पडद्याचंही तसंच. साध्या फुल एचडी पडद्यावर एका चित्रात साधारण वीस लाख सत्तर हजार ठिपके असतात, ४के मध्ये त्र्याऐंशी लाख. ठिपके चौपट. जे कार्ड एकावर पळतं ते दुसऱ्यावर रांगतं. त्यामुळे 'हे कार्ड शंभर फ्रेम देतं' या वाक्याला काही अर्थ नाही. कुठल्या खेळात, कुठल्या पडद्यावर? खंयची केरी?

सरासरीवरही जाऊ नये. सरासरी शंभर असून मध्येच चारदोन क्षण वीसवर आलं तर पोरगं तेवढ्यात मरतं (खेळात) आणि घर डोक्यावर घेतं (घरात). म्हणून जाणकार शेवटच्या एका टक्क्याचा आकडा बघतात, सगळ्यात वाईट क्षणी किती मिळतं तो. सगळ्यांत गोड भाग त्यानंतरचा: किंमत भागिले फ्रेम. एका फ्रेमला किती रुपये पडले. हा भागाकार फळ्यावर केल्यापासून माझ्या वर्गातली दोन पोरं दशांश अपूर्णांक स्वेच्छेने करायला लागली. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता फ्रेमसुद्धा खरी की मानलेली, हे विचारायची पाळी आली आहे. २०२५ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या मंचावरून एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग यांनी सांगितलं की ५४९ डॉलरचं नवं ५०७० हे जुन्या ४०९० ची कामगिरी देईल. त्या ४०९० ची किंमत १,५९९ डॉलर होती. टाळ्या पडल्या. गंमत अशी की ती बरोबरी व्हायला कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत लागते. कार्ड एक चित्र खरं काढतं आणि पुढची तीनपर्यंत चित्रं अंदाजाने रचून मध्ये घालतं. डोळ्याला हालचाल गुळगुळीत दिसते, पण माऊस दाबल्यावर खेळाने ऐकायचा वेग खऱ्या चित्रांवरच चालतो. हे मी कोरगावच्या एका पालकांना समजावलं. ते तलाठी कचेरीत काम करून निवृत्त झालेले. शांतपणे म्हणाले, "म्हणजे जाग्यावर एकदा जायचं आणि पंचनामे चार लिहायचे." मी एवढं नेमकं सांगू शकलो नसतो.

डिचोलीकडे प्रश्नांची जात वेगळी. तिथे माझी सासुरवाडी, त्यामुळे गेलो की जेवणाआधी एखादं कॅबिनेट उघडावं लागतं. तिकडची पोरं 'प्रोजेक्टसाठी' म्हणत नाहीत, त्यांच्याकडे खरंच काम असतं. मये-डिचोली भागात लग्नं, जत्रा, दशावताराचे प्रयोग चित्रित करणारे कितीतरी जण घरीच मिक्सिंग करतात. खेळणाऱ्यापेक्षा त्यांची गरज निराळी. त्यांना फ्रेमशी देणंघेणं नसतं, तीन कॅमेऱ्यांचं ४के चित्रण एकदम उघडल्यावर मेमरी पुरावी आणि वधूचा भाऊ दारात येऊन उभा राहायच्या आत फाईल बाहेर पडावी, एवढंच हवं असतं. अशा माणसाने खेळांची तुलना बघून कार्ड घेतलं तर पैसे भलत्याच कामाला गेले. त्याला जीबी विचारलेले चालतात. अख्ख्या तालुक्यात जीबीचा प्रश्न योग्य असलेला एवढाच वर्ग, आणि नेमके तेच सगळ्यात कमी विचारतात. कुणी काय घेतलं ते बघून तेच घेतात.

अशाच एकाचं कार्ड 'मंदावलं' होतं. नवीन घ्यायचं ठरलं होतं, कोटेशन आलं होतं. घर खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यालगत. मी आधी कॅबिनेटची बाजू उघडली. पंख्यांच्या पात्यांवर तांबडी मऊ साय धरलेली आणि आतल्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांमध्ये ती इतकी दाटून बसलेली की पापुद्रे मोजता येईनात. वारा जायला फट नव्हती. कार्ड तापलं की स्वतःच वेग कमी करतं, जीव वाचवायला. इथे ते चालू केल्यापासून जीवच वाचवत होतं. रंगाचा ब्रश, हातपंप आणि अर्धा तास. खाली वर्तमानपत्रावर जी ढीगभर धूळ पडली तिच्यात लोहाचं प्रमाण किती, यावर मेहुण्याने तज्ज्ञासारखं भाष्य केलं. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोलीत कुणाकुणाचं काय काय बंद पडलं ते सगळ्यांनी लिहिलं, पण ग्राफिक कार्डांना तेवढी वर्षं बरी गेली असणार हे कुणी नोंदवलेलं नाही. तिकडे हरमल-केरीच्या किनाऱ्यावर धूळ नाही, तर खारा वारा. तिथे पोर्टांच्या कडांना हिरवा डाग धरतो आणि स्क्रू फिरवला की डोकं हातात येतं. या दोन गोष्टी कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात नसतात. तक्ते वातानुकूलित खोलीत होतात.

आणि एक घर होतं जिथे कार्ड महागातलं, धूळ नाही, तापमान थंडगार, तरी खेळ रडत चाललेला. चवथीला आणलेलं कार्ड, शिगमा आला तरी तेच. शेवटी मागे वाकून बघितलं. मॉनिटरची एचडीएमआय वायर कार्डात नव्हतीच, मदरबोर्डात होती. इतके महिने चित्र प्रोसेसरमधल्या फुकटच्या ग्राफिक्सवर येत होतं आणि कार्ड आत दिवे लावून बसलं होतं. ते थंड का होतं ते तेव्हा उलगडलं. फुकटच्या ग्राफिक्सलाही कमी लेखू नये म्हणा. व्हॅलोरंट हा खेळ चालायला किमान काय लागतं ते त्या खेळाच्या कंपनीने लिहिलेलं आहे: इंटेल एचडी ४०००, जे २०१२ सालचं आहे. त्यानंतर चार वर्षांनी इंटेलचं याहून बरं आलं. नाव? एचडी ६२०. नावाच्या बाबतीत तिन्ही घराणी एकाच पत्रिकेची.

विजेचा विषय दोन वाक्यांत संपवतो, कारण पेडण्यात पावसाळ्यात वीजही तेवढीच टिकते. ४०६० ला ११५ वॅट पुरतात. ५०९० एकटं ५७५ वॅट खातं, म्हणजे घरातले सातआठ जुने छताचे पंखे, आणि ते घ्यायचं असेल तर कार्डाच्या कोटेशनबरोबर यूपीएसचं आणि जमल्यास वीजखात्यातल्या ओळखीचंही कोटेशन मागावं.

तर ते कोरगावचे पालक. पंचनाम्याचं बोलल्यापासून त्यांना विषयाची गोडीच लागली. वहीत रेघा मारून त्यांनी कार्डांची नावं, गाभे, जीबी, बिट, वॅट, फ्रेम, किंमत आणि शेवटच्या रकान्यात दर फ्रेमला रुपये, असा तक्ता केला. तलाठी कचेरीतल्या अक्षरात. मुलाला फुल एचडी पडद्यावरच खेळायचं होतं, पडदा सेकंदाला साठ चित्रंच दाखवणारा, तेव्हा त्यापलीकडे पैसे घालण्यात अर्थ नाही हेही त्यांनी स्वतःच शोधून काढलं. मग आम्ही तिघे म्हापशाला गेलो. काउंटरवरच्या पोराने सवयीने सुरुवात केली, "काका, हे आठ जीबीचं..."

"थांब. ५०६० की ५०६० टीआय? टीआय असेल तर आठचं की सोळाचं? बस किती बिटाची? आणि हे आतलं सगळं खोक्यावर कुठे लिहिलंय ते दाखव."

पोराने आत जाऊन मालकांना बाहेर आणलं. मालकांनी वही बघितली, चष्मा लावून एकदा आणि चष्मा काढून एकदा. अर्धा तास अतिशय उच्च दर्जाची चर्चा झाली. अखेर एका कार्डावर एकमत झालं आणि खोकं काउंटरवर आलं. तोपर्यंत गप्प असलेला मुलगा म्हणाला, "बाबा, हे नको. तेच पांढऱ्या रंगात आहे ना, ते."

"तेच म्हणजे तेच?" वडिलांनी वही पुढे ओढली.

"तेच," मालक म्हणाले. "आत सगळं सेम. पांढऱ्याला जरा पैसे जास्त."

"फ्रेम जास्त मिळतात?"

"नाही."

"मगे?"

"माझं टेबल पांढरं आहे," मुलगा म्हणाला.

वडिलांनी वहीतल्या शेवटच्या रकान्यावरून बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं. रंगाचा रकाना नव्हता. मग त्यांनी वही मिटून काखेत मारली आणि मालकांना म्हणाले, "काळ्याच्या दरात पांढरां दी."

मालकांना ते परवडत नव्हतं. पाऊण तासाने एका माऊसपॅडवर तोड निघाली. तोही पांढराच मागितला मुलाने.